अमेरिकन विद्यापीठातील महिला-जलतरण : सेवकवर्ग, अर्थव्यवहार आणि अध्ययन

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी असे जाहीर केले की, चालू शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस पुरुषांचे जलतरण, महिलांचे जलतरण, पुरुषांचे जिम्नॅस्टिक्स व पुरुषांचे टेनिस हे चार संघ कायमचे बंद करण्यात येतील. त्याच्या दहा दिवस आधी, करोनाच्या साथीमुळे, हे विद्यापीठ ज्या 'बिग टेन' नामक मंडळात खेळते त्या मंडळाने अमेरिकन फुटबॉलचा हंगाम पुढे ढकलला होता. त्यामुळे सुमारे १० कोटी डॉलर उत्पन्न बुडेल आणि ६ ते साडेसात कोटी डॉलरांची तूट येईल, असा क्रीडाखात्याचा अंदाज होता. चार संघ बंद करून वर्षाकाठी वाचणारी रक्कम सुमारे ५० लाख डॉलर होती. तूट व बचत ह्यांचा मेळ बसत नव्हता. तरीही निर्णय झाला, आणि सहा महिन्यांच्या आत त्यांपैकी केवळ महिलांच्या जलतरण-संघापुरता तो मागे घ्यावा लागला. पुरुषांचा संघ परत आला नाही. एकाच तलावात, एकाच मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव करणाऱ्या दोन संघांपैकी एक बुडाला व एक तरला. ह्याचे कारण शोधावयाचे तर अमेरिकन विद्यापीठांतील महिला-जलतरणाची अंतर्गत व्यवस्था पाहावी लागते. ही व्यवस्था सेवकवर्ग, अर्थव्यवहार आणि अध्ययन ह्या तीन दोरांनी वळलेली आहे; एक दोर ओढला की उरलेले दोन आपोआप ताणले जातात.

आयोवाचे उदाहरण निवडण्यास आणखीही कारण आहे. जलतरणाच्या इतिहासात ह्या विद्यापीठाचे स्थान मोठे आहे. तेथील फील्ड हाउसमधील तलाव १९२७ साली बांधला गेला व त्या काळी तो जगातील मोठ्या बंदिस्त तलावांत गणला जात असे. डेव्हिड आर्मब्रस्टर हे तेथे चार दशकांहून अधिक काळ प्रशिक्षक होते. छातीवरच्या पोहण्यात दोन्ही हात पाण्यावरून पुढे टाकण्याची रीत त्यांनी घडविली. १९३५ च्या सुमारास त्यांचा विद्यार्थी जॅक सीग ह्याने दोन्ही पाय एकत्र जुळवून माशाच्या शेपटीप्रमाणे मारण्याची क्रिया तिला जोडून दाखविली. आज 'बटरफ्लाय' ह्या नावाने ओळखली जाणारी पद्धत ह्या दोहोंच्या संयोगातून निघाली. अशा संस्थेनेच जलतरण बंद करावे, ह्याचे तेथील माजी विद्यार्थ्यांस विशेष दुःख झाले असल्यास नवल नाही.

महिलांच्या क्रीडेसंबंधीही आयोवाचा इतिहास वेगळा आहे. १९७३ साली तेथे महिलांचे स्वतंत्र क्रीडाखाते स्थापन झाले व त्याच्या संचालिका म्हणून मूळच्या स्कॉटलंडच्या डॉ. क्रिस्टीन ग्रँट ह्यांची नेमणूक झाली. २००० सालापर्यंत त्या त्या पदावर होत्या. संचालिकापदाच्या ह्या काळातच 'असोसिएशन फॉर इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक्स फॉर विमेन' ह्या महिलांच्या क्रीडासंघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. ही संघटना १९७१ साली स्थापन झाली तेव्हा तिने क्रीडा-शिष्यवृत्त्यांस मनाई केली होती. पुरुषांच्या क्रीडेत खेळाडूंची जी ओढाताण व खरेदी-विक्री चाले ती विद्यार्थिनींच्या वाट्यास येऊ नये, अध्ययन हेच मुख्य राहावे, असा त्यामागील हेतू होता. परंतु १९७३ मध्ये ह्या मनाईविरुद्ध दावा दाखल झाला. पुरुषांना मिळते ते स्त्रियांना नाकारणे हाच भेदभाव, असा त्यातील युक्तिवाद होता. संघटनेस नियम बदलावा लागला. पुढे १९८१–८२ पासून 'नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन' (एन.सी.ए.ए.) ह्या मूळच्या पुरुषांच्या बलाढ्य संघटनेने आपल्या प्रथम श्रेणीतही महिलांच्या अजिंक्यपद-स्पर्धा सुरू केल्या. १९८२ च्या पहिल्या जलतरण-स्पर्धेत फ्लोरिडा विद्यापीठ विजयी झाले. महिलांची जुनी संघटना लवकरच लयास गेली. तिच्याबरोबर तिचा अध्ययनप्रधान आदर्शही लयास गेला की तो नव्या नियमावलीत अंशतः उतरला, ह्याविषयी मतभेद होऊ शकतो.

आता सेवकवर्गाकडे वळू. आपल्याकडील महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक नावाची एक व्यक्ती सर्व खेळांचा भार वाहते. त्या कल्पनेने अमेरिकन क्रीडाखात्याकडे पाहिल्यास फसगत होते. तेथे केवळ जलतरणासाठी एक मुख्य प्रशिक्षक, दोन-तीन साहाय्यक आणि सूर मारण्याच्या प्रकारासाठी एक स्वतंत्र प्रशिक्षक असतो. एक व तीन मीटरच्या लवचीक फळीवरून व उंच मंचावरून सूर मारणाऱ्या विद्यार्थिनी जलतरण-संघातच मोजल्या जातात व त्यांचे गुण संघाच्याच खात्यावर पडतात. ह्याखेरीज शक्तिवर्धक व्यायामाचा शिक्षक, दुखापतींची देखभाल करणारा तज्ज्ञ, अभ्यासाचा सल्लागार आणि नियमपालनावर नजर ठेवणारा अधिकारी हे सेवक असतात. हे बहुधा अनेक संघांत वाटून घेतलेले असतात. जुलै २०२३ पर्यंत 'स्वयंसेवक प्रशिक्षक' नावाचा एक अजब वर्गही होता. त्यास पगार द्यावयाचा नाही, काम मात्र पूर्ण वेळ घ्यावयाचे, असा हा प्रकार असे. उन्हाळी शिबिरांतून मिळेल त्या पैशावर तो तरुण वा ती तरुणी दिवस काढी. ही वर्गवारी एन.सी.ए.ए.ने आता रद्द केली आहे.

बहुतेक ठिकाणी पुरुष व महिला ह्या दोन्ही संघांस एकच मुख्य प्रशिक्षक असतो. खर्चाच्या दृष्टीने हे सोयीचे आहे, परंतु त्याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. स्वतंत्र महिला-संघ असताना त्याच्या प्रमुखपदी स्त्री असण्याचा संभव अधिक असे. दोन पदांचे एक झाले की ते पुरुषाकडे जाते. लिंडा कार्पेंटर व व्हिव्हियन अकोस्टा ह्या दोन अभ्यासिकांनी अनेक दशके हे आकडे गोळा केले. १९७२ साली महिलांच्या संघांचे नव्वद टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक स्त्रिया होत्या. २०१४ मध्ये हे प्रमाण सुमारे ४३ टक्के उरले. जलतरणात ते ह्या सरासरीहूनही कमी आहे. ज्या कायद्याने विद्यार्थिनींना तलावात प्रवेश दिला त्याच कायद्याने महिला-संघांची पदे सवेतन व प्रतिष्ठेची केली, आणि वेतन येताच पुरुष उमेदवारही आले. डॉ. ग्रँट निवृत्त झाल्या त्याच वर्षी, म्हणजे २००० साली, आयोवातील दोन्ही क्रीडाखाती एक झाली. महिलांचे अंदाजपत्रक स्वतंत्रपणे मांडणारी व त्यासाठी भांडणारी व्यक्ती त्यानंतर राहिली नाही. २०२० च्या निर्णयाचे बीज काही अंशी येथे आहे असे म्हटल्यास चूक होणार नाही.

अर्थव्यवहाराचा विचार करताना प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, जलतरण-संघ कोठेही स्वतःचे पोट भरीत नाही. तिकिटांचे उत्पन्न नगण्य, दूरचित्रवाणीचे त्याहून कमी. मोठ्या विद्यापीठात पैसा येतो तो फुटबॉल व बास्केटबॉल ह्यांच्या प्रक्षेपण-हक्कांतून, तिकिटांतून व देणगीदारांकडून. लहान विद्यापीठात विद्यार्थ्यांवर आकारलेल्या क्रीडा-शुल्कातून आणि संस्थेच्या सर्वसाधारण निधीतून तो येतो. काही ठिकाणी माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून प्रशिक्षकाचे पदच कायम निधीवर बसविलेले असते. स्टॅनफर्ड येथील महिला-जलतरणाचे संचालकपद अशाच एका देणगीदाराच्या नावाने ओळखले जाते. असे पद तुटीच्या वर्षात सहसा कापले जात नाही. आयोवाचे क्रीडाखाते मात्र आपल्या उत्पन्नावर चालणारे होते, आणि ते उत्पन्न मुख्यत्वे एका खेळाचे होते. तो खेळ थांबताच खात्यास विद्यापीठाकडूनच सुमारे ५ कोटी डॉलरांचे कर्ज घ्यावे लागले.

खर्चाची बाजू अधिक गमतीची आहे. संघाच्या नावे दाखविलेल्या खर्चात शिष्यवृत्त्यांचा वाटा मोठा असतो. २०२५ पूर्वीच्या नियमानुसार प्रथम श्रेणीच्या विद्यापीठास महिला-जलतरणासाठी जास्तीत जास्त १४ व पुरुषांसाठी ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. ह्या शिष्यवृत्त्या तुकड्यांत विभागता येत. कोणास शुल्काचा चतुर्थांश, कोणास अर्धा, कोणास केवळ पुस्तकांचा खर्च अशा रीतीने त्या पंचवीस-तीस विद्यार्थिनींत वाटल्या जात. म्हणजे संघातील बहुतेक विद्यार्थिनी आपल्या शिक्षणाचा बराचसा खर्च स्वतःच भरीत. शिवाय शिष्यवृत्तीची रक्कम क्रीडाखात्याच्या वहीत खर्ची पडली तरी ती विद्यापीठाच्याच दुसऱ्या वहीत शुल्क म्हणून जमा होते. वर्गात एक बाक वाढल्याने विद्यापीठाचा प्रत्यक्ष खर्च फारच थोडा वाढतो. एका खिशातून काढून दुसऱ्यात ठेवलेल्या पैशास 'खर्च' म्हणावयाचे व तो बंद केल्यास 'बचत' म्हणावयाचे, ह्या पद्धतीवर क्रीडा-अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी वारंवार आक्षेप घेतला आहे. ज्या तृतीय श्रेणीच्या महाविद्यालयांत क्रीडा-शिष्यवृत्ती मुळीच दिली जात नाही, त्यांतील काही महाविद्यालये तर पटसंख्या वाढावी ह्यासाठीच जलतरण-संघ काढतात. पूर्ण शुल्क भरणाऱ्या वीस विद्यार्थिनी संघामुळे आल्या, तर प्रशिक्षकाचा पगार त्यातून सहज निघतो. तलावाचीही गोष्ट अशीच आहे. आयोवाचा नवा पन्नास मीटरचा तलाव २०१० साली उघडलेल्या मनोरंजन व आरोग्य केंद्रात आहे आणि तो सर्व विद्यार्थ्यांसाठी आहे. संघ बंद झाल्याने त्यातील पाणी तापविण्याचा व शुद्ध करण्याचा खर्च थांबत नाही. पगार व प्रवास ह्या दोनच बाबी खऱ्या अर्थाने वाचतात.

अध्ययनाच्या बाबतीत जलतरणाचे वेळापत्रक बरेच कठोर आहे. हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. फेब्रुवारीत प्रादेशिक मंडळाची स्पर्धा व मार्चमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद असते. बऱ्याच दिवशी पहाटे व दुपारी असा दोन वेळ सराव चालतो. १९९१ पासूनच्या नियमानुसार हंगामात दिवसाला चार व आठवड्याला वीस तासांहून अधिक सक्तीचा सराव घेता येत नाही आणि आठवड्यातील एक दिवस मोकळा ठेवावा लागतो. मात्र स्पर्धेचा पूर्ण दिवस, मग ती कितीही लांबो, तीनच तासांचा मोजला जातो. प्रवासाचे तास तर मोजलेच जात नाहीत. 'ऐच्छिक' म्हणून होणारा सराव कितपत ऐच्छिक असतो हे सांगावयास नको. दुपारच्या प्रयोगशाळा व दुपारचा सराव ह्यांचा संघर्ष हा विज्ञान वा अभियांत्रिकी घेणाऱ्या जलतरणपटूचा नित्याचा प्रश्न आहे. तो सोडविण्यासाठीच अभ्यास-सल्लागाराची नेमणूक असते. चांगला सल्लागार प्रयोगशाळेची वेळ बदलून घेतो; दुसऱ्या प्रकारचा सल्लागार विषयच बदलावयास सांगतो.

ह्यावर नियमांचे जाळे आहे. विद्यार्थिनीने प्रत्येक सत्रात पूर्णवेळ, म्हणजे सामान्यतः किमान बारा श्रेयांकांचे, अध्ययन केले पाहिजे. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी तिच्या पदवीचा ४० टक्के, चौथ्याच्या आरंभी ६० टक्के आणि पाचव्याच्या आरंभी ८० टक्के भाग पूर्ण झालेला असावा लागतो. संघ म्हणूनही हिशेब होतो. शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थिनीचे प्रतिसत्र दोन गुण असतात, एक पात्र राहण्याचा व एक विद्यापीठात टिकून राहण्याचा. ह्यांतून १००० पैकी संघाचा अंक काढला जातो व तो ९३० च्या खाली गेल्यास दंडात्मक कारवाई होऊ शकते. महिला-जलतरण-संघ ह्या कसोटीत सहसा अडकत नाहीत. अभ्यासात ते क्रीडाखात्यातील वरच्या संघांत मोडतात. अर्थात ह्याचे सर्व श्रेय शिस्तीस देणे भाबडेपणाचे ठरेल. लहानपणापासून खाजगी मंडळात वर्षानुवर्षे पोहणे हा खर्चिक छंद आहे, व त्या खेळातून येणाऱ्या मुली बहुधा सुस्थित व सुशिक्षित घरांतील असतात.

ह्या ४०-६०-८० च्या नियमाचा आयोवातील घटनेशी निकटचा संबंध आहे. विद्यापीठाने असे आश्वासन दिले होते की, ज्यांना शिष्यवृत्ती आहे त्यांना ती पदवी पूर्ण होईपर्यंत मिळत राहील. वरवर पाहता ही उदारता दिसते. परंतु तिसऱ्या वर्षातील विद्यार्थिनीपुढे दोनच मार्ग उरत. येथेच राहावे तर पदवी मिळेल, पोहणे संपेल. दुसरीकडे जावे तर नवे विद्यापीठ तिचे सर्व श्रेयांक मान्य करीलच असे नाही, आणि ते न केल्यास नव्या पदवीचा ६० टक्के भाग पूर्ण झाला नाही म्हणून ती खेळण्यासच अपात्र ठरू शकते. पहिल्या वर्षाची मुलगी सुटू शकते, तिसऱ्या वर्षाची अडकते. शिवाय अनेक विद्यापीठे त्या वर्षी स्वतःच कपात करीत होती; डार्टमथ महाविद्यालयाने जुलै २०२० मध्ये, तर मिशिगन स्टेट विद्यापीठाने ऑक्टोबरात आपले जलतरण बंद केल्याचे जाहीर केले होते. एकाच वेळी इतक्या जलतरणपटू नव्या जागेच्या शोधात निघाल्या होत्या.

२५ सप्टेंबर २०२० रोजी आयोवाच्या चार जलतरणपटू विद्यार्थिनींनी संघीय न्यायालयात फिर्याद दाखल केली. तिचा आधार होता १९७२ च्या शिक्षणविषयक कायद्याचे नववे प्रकरण, ज्यास अमेरिकेत 'टायटल नाईन' म्हणतात. संघीय अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेद करता येणार नाही, एवढेच ते म्हणते. क्रीडेचा त्यात उल्लेखही नाही. क्रीडेस तो कसा लागू करावयाचा हे १९७५ च्या नियमांनी व १९७९ च्या शासकीय स्पष्टीकरणाने ठरविले. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निर्णयाने त्याची व्याप्ती संकुचित केली; १९८८ मध्ये काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष रेगन ह्यांचा नकाराधिकार डावलून ती पूर्ववत केली. १९७९ च्या स्पष्टीकरणात तीन कसोट्या आहेत व त्यांपैकी एक पुरी पडली तरी चालते. पहिली, विद्यार्थिसंख्येतील स्त्री-पुरुषांच्या प्रमाणात खेळाडूंची संख्या असणे. दुसरी, स्त्रियांसाठी संघ सतत वाढवीत आल्याचा इतिहास असणे. तिसरी, स्त्रियांची आवड व क्षमता ह्यांस आहे तीच व्यवस्था पूर्णपणे पुरत असणे.

चालू असलेला महिला-संघ बंद करणाऱ्या विद्यापीठास दुसरी कसोटी फारशी उपयोगी पडत नाही, कारण बंद करणे म्हणजे वाढविणे नव्हे. तिसरी तर उघडच निकामी होते, कारण पोहू इच्छिणाऱ्या व पोहण्यास समर्थ विद्यार्थिनी फिर्यादी म्हणून समोर उभ्याच असतात. राहते ती पहिली. तिचा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका विद्यापीठात ५३ टक्के विद्यार्थिनी आहेत व खेळाडू मात्र ३०० पुरुष आणि ३०० स्त्रिया आहेत. तूट केवळ तीन टक्के दिसते. परंतु पुरुषांची संख्या तीच ठेवून स्त्रियांचे प्रमाण ५३ टक्के करावयाचे तर ३३८ स्त्रिया हव्यात, म्हणजे ३८ जागा कमी आहेत. तीस जणींचा जलतरण-संघ त्या जागांत सहज बसतो. मिशिगन स्टेटच्या जलतरणपटूंच्या दाव्यात सहाव्या संघीय अपील न्यायालयाने २०२२ मध्ये हेच स्पष्ट केले की, टक्केवारी किती लहान हे न पाहता प्रत्यक्ष किती जागांची उणीव आहे व तीत एक संघ उभा राहू शकतो का, हे पाहावयाचे. विद्यापीठे ह्या गणितास नाना उपायांनी सामोरी जातात. महिलांच्या नौकानयन-संघाची नोंदणी फुगविणे हा त्यांतील प्रसिद्ध उपाय. ८५ शिष्यवृत्त्यांच्या फुटबॉल-संघास तोलून धरणारे वजन म्हणून ती नाव अनेकदा वापरली गेली आहे.

डिसेंबर २०२० च्या अखेरीस न्यायालयाने अंतरिम मनाई हुकूम दिला : दाव्याचा निकाल लागेपर्यंत आयोवास कोणताही महिला-संघ बंद करता येणार नाही. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी विद्यापीठाने महिला-जलतरण कायम ठेवल्याचे जाहीर केले. पुरुषांच्या संघास ह्या कायद्याचा आधार मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कमी प्रतिनिधित्व त्यांचे नव्हते. ऑक्टोबर २०२१ मध्ये तडजोड झाली. तिच्यानुसार किमान सात वर्षे कोणताही महिला-संघ बंद न करण्याचे विद्यापीठाने मान्य केले. महिलांचा कुस्ती-संघ नव्याने काढण्याचे तर सप्टेंबरातच जाहीर झाले होते. डॉ. ग्रँट ह्यांचे निधन त्याच वर्षी ३१ डिसेंबर रोजी झाले.

संघ वाचला, पण तो पूर्वीचा राहिला नव्हता. मधल्या सहा महिन्यांत अनेक जणी अन्यत्र गेल्या होत्या. नव्या मुलींची निवड दोन वर्षे आधीपासून चालते. ती बंद संघासाठी कोण करणार? न्यायालय संघ चालू ठेवण्याचा हुकूम देऊ शकते, परंतु त्यात पोहणाऱ्या मुली व त्यांस शिकविणारे अनुभवी साहाय्यक परत आणून देऊ शकत नाही.

ह्यानंतर अर्थव्यवहाराचा पायाच बदलला. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन ह्यांनी 'हाउस' दाव्यातील तडजोडीस मान्यता दिली. तीनुसार पूर्वीच्या खेळाडूंस सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई द्यावयाची असून, सहभागी विद्यापीठांस २०२५–२६ मध्ये प्रत्येकी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंस थेट वाटण्याची मुभा मिळाली. शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली व तिच्या जागी संघसंख्येची मर्यादा आली. महिला-जलतरणासाठी ती ३० आहे. कागदोपत्री आता १४ ऐवजी तीसही विद्यार्थिनींना पूर्ण शिष्यवृत्ती देता येईल. मात्र नव्याने दिलेल्या शिष्यवृत्त्यांची ठराविक रकमेपर्यंतची किंमत त्याच २ कोटी ५ लाखांत मोजली जाते, आणि त्या रकमेवर फुटबॉलचा पहिला हक्क आहे असे बहुतेक क्रीडाखाती मानतात. ज्या संघात शिष्यवृत्तीविना पोहणाऱ्या पाच-सात जणी असत, त्यांत तिसाव्या नावानंतर आता जागा नाही. मार्च २०२५ मध्येच कॅलिफोर्नियातील कॅल पॉली विद्यापीठाने ह्या येऊ घातलेल्या खर्चाचे कारण देऊन आपले पुरुष व महिला असे दोन्ही जलतरण-संघ बंद केले.

थेट वाटावयाच्या ह्या पैशास टायटल नाईन लागू होते काय, हा प्रश्न मात्र तडजोडीने सोडविला नाही. जानेवारी २०२५ मध्ये संघीय शिक्षणखात्याने ते लागू होते असे मार्गदर्शन प्रसिद्ध केले व पुढच्याच महिन्यात, शासन बदलल्यावर, ते मागे घेतले. भरपाईचा बहुतांश वाटा फुटबॉल व बास्केटबॉल खेळणाऱ्या पुरुषांस जातो, ह्या कारणास्तव काही महिला-खेळाडूंनी जून २०२५ मध्ये अपील दाखल केले. आयोवाच्या तडजोडीतील सात वर्षांची मुदत २०२८ मध्ये पुरी होते.